कच्ची वही

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ओवरी ओढा उलटा वाहायला लागला, आणि ‘संगम’ने लगेच ठरवून टाकलं की ओढा ठीक आहे, ओढ्यावरचं यंत्रच बिघडलंय.

तेजस्विनी भोई तेव्हा पडद्यासमोरच होती. शिरगुंडीच्या संयुक्त पूर्वानुमान केंद्रात सकाळची पाळी तिची. भिंतभर पडद्यावर करवंदी नदी निळ्या दोरीसारखी पसरली होती. गावाच्या वरच्या अंगाला, जिथे ओवरी करवंदीला मिळते, तिथला हिरवा ठिपका करडा झाला. त्याच्याखाली ओळ उमटली: ‘ओवरी वेगमापक. वाचन उणे. इतिहासाशी विसंगत. नोंद वगळली.’

उणे म्हणजे ओढ्याचं पाणी नदीत जायच्या ऐवजी नदीचं पाणी ओढ्यात शिरतंय. तेजस्विनीने चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. पडद्याच्या कोपऱ्यात गावाचं भाकीत होतं तसंच होतं. भैरवघाटावरची पातळी, आत्ता ४३ फूट ४ इंच. कुंभारवाड्यात पाणी, म्हणजे ५० फूट, रात्री अकरा वाजता. विश्वास ९६ टक्के. इशारा पिवळा. स्थलांतर दुपारी तीनपासून.

सगळं कसं सुटसुटीत होतं. फक्त त्या करड्या ठिपक्यावरून तिची नजर हटेना.

संगम हा पुराचं भाकीत करणारा संगणक कशासाठी आणला, हे इथे सांगून टाकलेलं बरं. पूर्वी या जिल्ह्यात पूर आला की पाण्याबरोबर आकड्यांचाही पूर यायचा. हवामानवाले पावसाचं सांगायचे, धरणवाले सोडलेल्या पाण्याचं, नदीमापनवाले घाटावरच्या पातळीचं, आणि आपत्ती निवारणवाले या तिघांचं ऐकून चौथंच काहीतरी. चौघांची तोंडं चार दिशांना आणि लोक बिचारे छपरावर. शेवटी चारही खात्यांना एका छताखाली आणलं. करार झाला आणि त्यातलं एक कलम शिपायापर्यंत सगळ्यांना पाठ झालं: ‘एकच आकडा’. संगम सांगेल तोच आकडा चौघांनी सांगायचा. कुणाचं म्हणणं वेगळं असेल तर त्याने पुराव्यासकट ‘मतभेद नोंद’ करायची, आणि संचालकांची सही झाली तरच आकडा बदलायचा. कलम वाईट नव्हतं. चार पावसाळ्यांत संगमची वेळ पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चुकली नव्हती. लोक आता आभाळाकडे बघायच्या आधी मोबाइलकडे बघत.

संगमची अक्कल दोन ठिकाणांहून आलेली. एक पाण्याचं गणित: पाऊस किती, माती किती भिजलेली, धरणातून किती सुटलं, उतार किती. पण नदी म्हणजे नळ नव्हे. ती कुठल्या वळणावर अडते, कुठे पसरते, कुठे अचानक उसळते, हे सगळं सूत्रात बसत नाही. ते मागचे पूर बघून शिकावं लागतं. म्हणून चारही खात्यांच्या जुन्या नोंदवह्या पानोपान संगमला वाचायला दिल्या. त्यांतली सगळ्यांत स्वच्छ, एकतीस वर्षांत एक दिवसाचाही खाडा नसलेली वही भैरवघाटाच्या मोजणीदाराची होती. हिंदुराव भोई. तेजस्विनीचे वडील, तिचे आप्पा.

पाणी पंचेचाळीस फुटांवर गेल्यावर नदी किती वेळात किती चढते, ते दाखवणाऱ्या रेषेला केंद्रातले लोक ‘भोई रेषा’च म्हणायचे. एवढं पाणी आजवर एकदाच आलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी. म्हणजे ती अख्खी रेषा एका माणसाच्या अक्षरावर उभी होती. पण बाकीच्या तीन खात्यांच्या त्या दिवसाच्या नोंदी तिच्याशी तंतोतंत जुळत होत्या. चार वह्या एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर संगमने छातीठोकपणे ९६ टक्के दिले होते.

तेजस्विनीला मात्र त्या दिवसातलं एक चित्र आठवत होतं. ती तेव्हा तेरा वर्षांची. वरच्या आळीतल्या शाळेत मधली सुट्टी झालेली, तिच्या हातात उघडा डबा, डब्यात शेंगदाण्याची चटणी. व्हरांड्यातून खाली ओवरी दिसायची. ओवरीत एक रिकामी घागर तरंगत होती, आणि ती नदीकडे जायच्या ऐवजी वर वर, शाळेच्या बाजूला येत होती. पोरं हसत होती. तेवढ्यात कुंभारवाड्यातली बायामाणसं भिजलेल्या अंगाने शाळेच्या पायऱ्या चढायला लागली होती.

मधली सुट्टी साडेबाराची असते. वहीत मात्र कुंभारवाड्यात पाणी आल्याची वेळ होती रात्री दहा, आणि रात्री दहाला कुणी डबा खात नाही.

तिने जुनी वही पडद्यावर काढली. आप्पांचं टपोरं अक्षर, निळी शाई, एकही खाडाखोड नाही. दुपारी १२, पंचेचाळीस फूट सहा इंच. दुपारी ४, सत्तेचाळीस फूट. रात्री १०, पन्नास फूट. चढ कसा एकसारखा, जिन्याच्या पायऱ्यांसारखा. ओवरी उलटी फिरल्याचा शब्दही नाही.

एक तर तिची आठवण खोटी होती, नाहीतर आप्पांची वही.

संचालक रेगे पलीकडच्या खोलीत होते. मोजून वीस पावलं. तिने तिथे जाऊन ‘सर, मला शंका आहे’ एवढं म्हणायला हवं होतं. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली. पुरावा काय द्यायचा? डब्यातली चटणी? आणि बोलायचं तरी कसं? आमच्या वडिलांनी खोटं लिहिलंय, असं? ज्यांचं नाव सांगून ती मुलाखतीत निवडली गेली, ज्यांचा सत्काराचा फोटो केंद्राच्या दारातच लावलेला आहे, त्यांनी? ती दोनदा उठली, दोनदा बसली. पाणी आपल्या गतीने चढत राहिलं. आठ वाजता ती रेग्यांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “सर, ओवरीचं यंत्र बघून येते.”

“या की,” रेगे मान वर न करता म्हणाले. “छत्री घ्या.”

खोटं बोलायला तिला किती सोपं गेलं, याचंच तिला जिना उतरताना वाईट वाटलं.

*

हिंदुराव माळावरच्या घरात सोप्यात बसले होते. हातात तपकिरीची डबी, नजर रस्त्यावर. वय बाहत्तर, पण पाठ मोजपट्टीसारखी ताठ. मागच्या भिंतीवर पितळी फलक होता: ‘आदर्श मोजणीदार’.

“किती झालं?” लेक गाडीतून उतरायच्या आत त्यांनी विचारलं.

“त्रेचाळीस-अकरा.”

“आणि ओवरी? फिरली का?”

तेजस्विनी पायरीवरच थांबली. “आप्पा, ओवरीचं तुम्हाला कसं सुचलं विचारायला? तुमच्या वहीत तर ओवरीचं नावसुद्धा नाही.”

म्हाताऱ्याने डबी उघडली, बंद केली. आतून आईने विचारलं, “तेजे, च्या घेणार न्हवं?”

“आप्पा, त्या दिवशी कुंभारवाड्यात पाणी किती वाजता आलं?”

“वहीत हाय की.”

“वहीत रात्री दहा आहे. मी मधल्या सुट्टीत बघितलंय.”

“तू ल्हान हुतीस. ल्हान पोरांस्नी काय बी आठवतंय.”

“बरं. मग तसंच असू दे.” ती वळली. “संगम म्हणतंय रात्री अकराला येईल. तुमच्या वहीवरूनच म्हणतंय. कुंभारवाड्यात ट्रॅक्टर तीनला येणार आहेत. तोवर कुंभारांच्या अक्का आणि बाकी सगळे खालीच. चारशे माणसं आहेत, आप्पा. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणून बसलीत ती निवांत.”

तिने गाडीचं दार उघडलं. मग मागून आवाज आला.

“थांब.”

हिंदुराव उठले, आत गेले. पलंगाखालची ट्रंक ओढल्याचा आवाज झाला. परत आले ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही घेऊन. पुठ्ठा फुगलेला, पानं लाटांसारखी वाकडी झालेली, आत पेन्सिलीने लिहिलेलं.

मोजणीदाराच्या दोन वह्या असतात, हे केंद्रातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्यापैकी कुणी कधी घाटावर उभं राहिलेलं नव्हतं. पावसात शाई टिकत नाही. म्हणून घाटावर पेन्सिलीने कच्ची वही लिहायची आणि संध्याकाळी कोरड्यात बसून शाईने पक्की वही उतरायची. साहेबाकडे जाते ती पक्की. कच्ची चुलीत जाते. संगमला वाचायला दिलेली एकूण एक वही पक्की होती.

“ही का नाही टाकलीत चुलीत?”

“टाकवंना.” ते खाली बसले. “बघ. खाली भैरवघाटाला दोन कातळ हायत न्हवं, त्येंच्यामधनं पाणी जातंय. पंचेचाळीसच्या आसपास आलं की त्या नरड्यातनं मावत न्हाई. मग नदी मागं रेटतीया, ओवरीत शिरतीया. ओवरीचं खोरं वाडग्यागत हाय. त्ये वाडगं भरंस्तवर हिकडं गावात पाणी सावकाश चढतंय, मानसाला वाटतंय काय न्हाई. वाडगं भरलं की संपलं. मग आलेलं समदं पाणी गावात. तासाला अडीच-अडीच फूट.”

तिने पान शोधलं. पेन्सिल पुसट होती पण वाचता येत होती. ‘६.४० ओवरी फिरली. ११.०० सत्तेचाळीस फूट. ११.३० अठ्ठेचाळीस फूट चार इंच. १२.१० पन्नास. कुंभारवाडा.’ ओवरी फिरल्यापासून साडेपाच तास. आज ओवरी सात-दहाला फिरली होती. तिने मनात बेरीज केली. पावणेएक.

“कुणी लिहायला लावलं, आप्पा?”

“आता त्ये साहेब बी गेलं. कशाला नाव घ्यायचं?” हिंदुराव फलकाकडे न बघता बोलत होते. “हापिसातनं इशाऱ्याचा कागद निघाला दुपारी दोनला. पाणी आलं बाराला. मी साडेअकरालाच घाटावरनं वरडत गेलो हुतो, मानसं काढली समदी, येक बी दगावलं न्हाई. दुसऱ्या दिवशी साहेब आलं. म्हनलं, भोई, इशारा पाण्याच्या आधी निघाला असं दिसाया पायजे. धरनवाल्यांनी जुळवलंय, पावसाच्या लोकांनी जुळवलंय, तू बी जरा जुळवून घे. उंची खरीच लिव, घड्याळ तेवढं हलीव. मी म्हनलं, मानसं तर वाचल्यात. कागदच हाय. कागदाला काय हुतंय? वरसानं ह्यो फलक आला.”

म्हणजे चार वह्या जुळत होत्या त्या या कारणाने. तेजस्विनीला हसू येईल की रडू, तिलाच कळेना. चार खात्यांनी मिळून केलेलं पहिलं काम हेच होतं, आणि संगम त्यालाच विश्वास म्हणत होता.

“वही देता?”

“दिली की नाव जातंय.” म्हाताऱ्याने वहीवर हात ठेवला. “माझं जाईल त्ये जाऊ दे. तुझं बी जाईल. भोयाची पोरगी म्हनत्यात तुला थितं.”

खरं सांगायचं तर तिने तेच घोकत सकाळचा पाऊण तास घालवला होता. घड्याळात पावणेनऊ वाजले होते. नऊ वाजले. आईने आणलेला चहा तसाच गार झाला. नऊ-दहाला हिंदुरावांनी टोपी डोक्यावर ठेवली.

“चल. वही येकटी काय बोलनार? मी येतो.”

*

ओवरीच्या पुलावरून पाणी जात होतं, वळसा पडला. केंद्रात पोचायला नऊ-पन्नास झाले. बैठकीच्या खोलीत चारही खात्यांचं माणूस हजर होतं: हवामानाकडून आलेले संचालक रेगे, धरणाकडचे मुजावर साहेब, आपत्ती निवारणाच्या शिंत्रे बाई, आणि नदीमापनाची तेजस्विनी स्वतः. हिंदुरावांना बघून रेगे आदराने उठले. ते एवढ्या प्रेमाने उठले की तेजस्विनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बसा, बसा. तुमच्यामुळे तर आमचं सगळं चाललंय.”

“व्हय साहेब. त्येच सांगाय आलोय,” हिंदुराव म्हणाले आणि उभे राहूनच त्यांनी सगळं सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही, स्वतःचं सोडून.

रेग्यांनी चष्मा काढला. “म्हणजे शाईतलं खोटं आणि पेन्सिलीतलं खरं, असं आम्ही कशावरून मानायचं? माफ करा, पण तुम्ही एकदा...”

“मानू नगा. शाईचं तुमच्यासाठी लिवलंय. पेन्सिलीचं पाण्याकडं बघून लिवलंय. येवढंच.”

“सर, तपासता येईल,” तेजस्विनी म्हणाली. तिने ओवरीचा तो करडा ठिपका उघडला. संगमने सकाळपासूनची त्याची, वेगाची आणि पाण्याच्या उंचीची, अकरा वाचनं वगळली होती, पण फेकून दिली नव्हती. तिने ती एकाखाली एक लावली आणि शेजारी कच्च्या वहीतले ओवरीचे आकडे ठेवले. ओवरी फिरल्यावर अर्ध्या तासाने किती, तासाने किती, दोन तासांनी किती. एकोणीस वर्षांपूर्वीचा चढ आणि आजचा चढ चार बोटांच्या फरकाने बरोबर चालले होते. भोई रेषेत ओवरीचा हा चढ कुठेच नव्हता.

“यंत्र बिघडलेलं नाही,” शिंत्रे बाई हळूच म्हणाल्या. “आपण त्याला खोटं पाडत होतो.”

“एका वहीसाठी ९६ टक्के कसे काय बाजूला ठेवायचे?” रेगे कळवळून म्हणाले. ते वाईट नव्हते. चार खात्यांना एका टेबलाशी आणण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि एकदा का आकडा फुटला की चौघं पुन्हा चार दिशांना जातील ही त्यांची भीती खरी होती. “बाकी तीन खात्यांच्या नोंदी आहेतच ना?”

तेव्हा मुजावर साहेब बोलले. एरवी ते बैठकीत तोंड उघडायचे नाहीत. “आमची धरू नका,” ते म्हणाले. “मी तेव्हा नवीन होतो. दरवाजांची त्या दिवसाची वही मीच उतरवली. मलाही सांगितलं होतं, जुळवून घे म्हणून.” त्यांनी टेबलाकडे बघतच फोन उचलला. “मी विसर्ग तीन तास कमी करतो. धरणात तेवढी जागा आहे. पाणी थांबणार नाही, पण थोडं रेंगाळेल.”

रेग्यांनी हिंदुरावांकडे बघितलं, मुजावरांकडे बघितलं. मग मतभेद नोंदीवर सही केली. दहा-वीसला शिरगुंडीतल्या प्रत्येक मोबाइलवर पिवळ्याचं लाल झालं. पाणी: दुपारी साडेबारा ते एक.

*

कुंभारवाड्यात लोकांनी लाल बघितलं आणि मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पिवळं लाल होताना आधी केशरी होतं, ही रीत होती. गणपती बारा दिवसांवर आलेले. घराघरांत, ओट्यांवर, शेडमध्ये मूर्ती मांडलेल्या, कुणाचा रंग ओला, कुणाची माती ओली. ओली मूर्ती उचलली की हात निखळतो. अक्काताई कुंभारांच्या एकट्या शेडमध्ये अकराशे मूर्ती होत्या.

“बिघाड आसंल,” कुणीतरी म्हणालं. “तासाभरात पिवळं हुतंय बघ.”

शिंत्रे बाईंची गाडी भोंगा वाजवत आली आणि बोळाच्या तोंडाशी अडकली. मग गाडीतून हिंदुराव उतरले. त्यांनी टोपी खिशात घातली आणि बोळात शिरून ओरडायला सुरुवात केली. भोंगा नाही, काही नाही. “उठा! ओवरी फिरली! ओवरी फिरली, उठा!”

तेजस्विनीने हा आवाज तेराव्या वर्षी लांबून ऐकला होता. आता ती तो जवळून ऐकत होती. पन्नाशीच्या पुढची माणसं त्या आवाजाने जागची उठली. अक्काताई शेडच्या दारात आल्या.

“हिंदूदा, मला बी सकाळधरनं वाटालतं मागल्या येळला दुपारीच आलं हुतं. पर म्हनलं, मशीन न्हाई चुकत.”

“मशीन न्हाई चुकलं अक्का. मी चुकवलंय. चल.”

“आणि ह्यास्नी?” त्यांनी मूर्तींकडे हात केला.

तेजस्विनीने फोन काढला. ट्रॅक्टर तीनला यायचे होते; फोन केला तेव्हा ते तालुक्याच्या पलीकडच्या टोकाला होते. पोरीबाळींनी हाताने उचलल्या तेवढ्या उचलल्या, साठ-सत्तर. सव्वाबाराला शेवटचं माणूस शाळेच्या पायऱ्या चढलं. बारा-चाळीसला पाणी कुंभारवाड्यात आलं. पाण्याने उंबरा ओलांडला तेव्हा तेजस्विनी शाळेच्या व्हरांड्यात, एकोणीस वर्षांपूर्वी होती त्याच खांबाशी उभी होती. चारशे सहा माणसं मोजून झाली. एकही कमी नाही. खाली शेडमध्ये हजारावर गणपती पुन्हा माती झाले.

*

चारच्या सुमारास रेग्यांचा फोन आला. आवाज थकलेला, पण हलका झालेला.

“सगळे सुखरूप. फार मोठं काम केलंत. आता तेवढा अहवाल पाच वाजेपर्यंत पाठवा, वरून विचारणा आहे. आणि एक... ओवरीचं उणे वाचन संगमकडे सात-दहाला आलंच होतं ना?”

“हो सर.”

“मग ‘पहिला इशारा ७.१०’ असंच लिहू या. तसं खोटं काहीच नाही. चार खात्यांचा हा प्रयोग टिकायला हवा हो. तीन तास कुठे गेले म्हणून विचारायला लागले, तर आधी तुम्हालाच विचारतील. थोडं जुळवून घेऊ.”

शब्द कानात गेला आणि तिने वळून बघितलं. हिंदुराव वर्गात बाकावर बसले होते, लहान मुलांच्या बाकावर, गुडघे वर आलेले. त्यांनी ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तरी ते आज कुणाला काय सांगणार होते?

“बघते सर,” ती म्हणाली.

फोन ठेवला तर समोर अक्काताई. पदर ओला, हाताला शाडू वाळून पांढरा झालेला. “काय म्हनत्यात साहेब?”

“अहवाल मागतायत.”

“बरं.” अक्काताई खांबाला टेकल्या. खाली पाण्यात त्यांच्या शेडचं फक्त छप्पर दिसत होतं. “तेजू, तुला कवा कळलं गं?”

दहा-वीस म्हणता आलं असतं. इशाऱ्याची वेळ सगळ्या गावाला ठाऊक होती. ‘मशीनने उशीर केला अक्का’ असंही म्हणता आलं असतं आणि अक्काताईंनी मानलंही असतं.

“सात-दहाला,” तेजस्विनी म्हणाली.

“आणि साहेबास्नी सांगितलंस कवा?”

“दहाला दहा कमी असताना.”

अक्काताईंनी बोटांवर मोजलं. मोजताना ओठ हलले. “मधी काय केलंस?”

“आप्पांचं नाव जाईल म्हणून बसून राहिले. आधी केंद्रात बसले, मग घरी त्यांच्यासमोर बसले.” “मी सातलाच बोलले असते तर ट्रॅक्टर मिळाले असते, अक्का. निम्म्या तरी मूर्ती निघाल्या असत्या.”

अक्काताई राहू दे म्हणाल्या नाहीत, माणसं वाचली ना, असंही म्हणाल्या नाहीत. हाताचा शाडू खरवडत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “ते तुमचं मशीन आजून शिकतंय म्हनं?”

“हो. प्रत्येक पुरानंतर अहवाल वाचून शिकतं.”

“मग त्येला ह्ये बी शिकीव. ओवरी फिरल्यावर पाणी याला साडेपाच तास, आणि मानसाला तोंड उघडाय तीन. धर म्हनावं त्ये बी. म्हंजे फुडच्या येळला माझं ट्रॅक्टर तेवढं आधी येतील.”

तेजस्विनी वर्गात गेली आणि आप्पांच्या शेजारी त्या लहान बाकावर बसली. त्यांनी विचारलं, “काय लिवतीस?” ती म्हणाली, “कच्चं.” म्हातारा सरकला आणि तिला जागा करून दिली.

तिने अहवाल उघडला. पहिली शंका, ७.१०. वरिष्ठांना कळवले, ९.५०. इशारा, १०.२०. मुजावर साहेबांचं नाव, शिंत्रे बाईंचं नाव, रेग्यांची सही, सगळं जसं घडलं तसं. ‘विलंबाचे कारण’ असा एक रकाना होता. चार वर्षांत कुणी त्यात काही लिहिलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिने लिहिलं: ‘मोजणीदार माझे वडील आहेत.’

पाठवल्यावर पडद्यावर थोडा वेळ नुसतं चक्र फिरत राहिलं. मग ओळ आली.

‘इतिहासाशी विसंगत. नोंद वगळायची की ठेवायची?’

तिने ‘ठेवा’ दाबलं.